मथळ्याची सनद



ज्या ग्रंथपाल गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण दरवर्षी ठाण्यात येथे जमतो, त्यांच्या हाताखाली मी वयाच्या एकविसाव्या वर्षी तालिकापत्रे लिहावयास बसलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक नियम घालून दिला. मुखपृष्ठावरचे नाव वाचून पुस्तकाचा विषय ठरवावयाचा नाही. पुस्तक मधोमध उघडावयाचे, कुठलीही तीन पाने शांतपणे वाचावयाची, आणि त्या पानांवरून जो विषय उमगेल तोच पत्रावर लिहावयाचा. नावात ‘सागर’ आहे एवढ्यावरून एखादा काव्यसंग्रह भूगोलाच्या कपाटात गेला, तर तो कवितेच्या वाचकाला कधी सापडावयाचा नाही आणि भूगोलाच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडावयाचा नाही; पुस्तक ग्रंथालयात असूनही ते नाहीसे झाले, आणि हा लोप आपल्या हातून झाला, असे ते म्हणत. पुढे मी शियाळी रामामृत रंगनाथन यांची १९३१ साली प्रसिद्ध झालेली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री वाचली, आणि तीतील ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे चौथे सूत्र गुरुजींनी मला आधीच आचरणातून शिकवले होते, हे माझ्या ध्यानात आले.

आजचा विषय त्या नियमाचाच विस्तार आहे. ठाणे जिल्ह्यातील शासकीय व निमशासकीय कार्यालयांनी आपापली संकेतस्थळे उघडली आहेत आणि त्यांवर मथळ्यांच्या रांगा लावल्या आहेत: विभाग, योजना, सेवा, नागरिकांची सनद, माहितीचा अधिकार, निविदा, परिपत्रके, आपत्ती व्यवस्थापन. यांतील प्रत्येक मथळ्याखाली जो मजकूर आहे तो खरोखर त्या मथळ्याचा आहे काय, आणि असल्या-नसल्याचा निवाडा कोणी व कसा करावा, एवढाच माझा प्रश्न आहे.

तो कारकुनी प्रश्न आहे असे कोणास वाटल्यास मी त्यांना आपल्याच फलाटाकडे पाहावयास सांगेन. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या अठरा लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांहून अधिक भरली. यांतला कमावता माणूस बहुधा सूर्य वर येण्याआधी घराबाहेर पडतो आणि दिवेलागणीनंतर परत येतो. २९ फेब्रुवारी २०२० रोजी राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्यापासून शनिवारचा दरवाजाही बंद झाला. अशा माणसाला दाखला हवा असो, घरपट्टीचे बिल दुरुस्त करावयाचे असो, की शाळाप्रवेशासाठी एखादे प्रमाणपत्र काढावयाचे असो, रात्री दहा वाजता जेवणाचे ताट बाजूला सारून मोबाइलवर उघडलेले संकेतस्थळ हीच त्याची कचेरीची खिडकी होय. त्या खिडकीवर जी पाटी आहे तिच्यामागे भलताच कारभार चालत असेल, तर त्याचा एक रजेचा दिवस आणि एका दिवसाचा रोजगार बुडतो. मथळा आणि मजकूर यांच्यातले अंतर असे रुपयांत मोजता येते, आणि ते कार्यालयाच्या जमाखर्चात कधी उमटत नाही.

मथळ्याला आपल्या कारभाराच्या इतिहासात काय मान होता ते पाहण्याजोगे आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर हे रुमालांत बांधलेले आहे. चौकोनी कापडात कागदांची चळत ठेवून चार टोकांची गाठ मारावयाची, ही ती दप्तरबांधणी. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० पासून अवघ्या काही वर्षांत त्या दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादून प्रसिद्ध केले, त्यामागे लक्षावधी कागद उलगडून पाहण्याचे श्रम होते. ज्याने जुन्या दप्तरात थोडेही काम केले आहे त्याला ठाऊक असते, की रुमालाच्या बाहेर जे लिहिलेले असते त्यावर संशोधकाचा सगळा दिवस अवलंबून असतो. बाहेर ‘रोजकीर्द’ आणि आत किरकोळ हिशेबाचे तुकडे निघाले, की संध्याकाळी तो रिकाम्या हाताने उठतो. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास हे तत्कालीन कारकुनांचे मथळेच होते, आणि त्यांपैकी प्रत्येकाखाली कोणत्या प्रकारचा कागद जावा याचा शिरस्ता मुतालिकापासून उमेदवारापर्यंत सर्वांस पाठ होता.

आता ‘सनद’ हा शब्द घ्या. शासनाने तो जुन्या व्यवहारातून उचलून ‘नागरिकांची सनद’ या मथळ्यात बसवला आहे, आणि ही निवड मला मोठी जबाबदारीची वाटते. मराठेशाहीत सनद हातात पडली म्हणजे तीत कोणाला दिले, कोणते गाव वा कोणता हक्क दिला, त्याची मर्यादा काय, आणि कोणी त्यास हरकत करू नये, हे सर्व तपशीलवार असे. शेवटी मोर्तब होई, म्हणजे येथे लेखन संपले, यापुढे कोणी अक्षर घुसडू नये, याची मुद्रा उठे. तपशील नसलेली सनद ही सनदच नव्हती. मे १९९७ मध्ये दिल्लीत भरलेल्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने नागरिकांच्या सनदेचा पुरस्कार केला. महाराष्ट्राने तर बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमात तिला कायद्याचे अधिष्ठान दिले. आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत, पदनिर्देशित अधिकारी, प्रथम व द्वितीय अपील आणि कसूर करणाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांची शास्ती, अशी पक्की चौकट घातली. म्हणून या मथळ्याखाली सहा गोष्टी सापडल्याच पाहिजेत: सेवेचे नाव, लागणारी कागदपत्रे, शुल्क, दिवस, अधिकारी, आणि तो न बधल्यास दाद कोठे मागावी ते ठिकाण. ध्येयवाक्य आणि प्रास्ताविक हे त्यानंतर कितीही असो.

डोंबिवलीत माझ्या शेजारी राहणाऱ्या एका काकूंची हकीकत सांगतो; कार्यालयाचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण अशी हकीकत आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी घडली असेल. काकांच्या निधनानंतर मालमत्ता कराच्या बिलावर त्यांना आपले नाव लावून घ्यावयाचे होते. मुलाच्या मोबाइलवर त्यांनी ‘नागरिकांची सनद’ उघडली. आत एक पीडीएफ होती, कागद यंत्रात आडवा घालून स्कॅन केलेली. काकूंनी वाचण्यासाठी मोबाइल आडवा धरला, तर पानही त्याबरोबर फिरून पुन्हा आडवेच राहिले; शेवटी त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि स्वतः मान वाकडी करून, एक बोट ओळीखाली धरून, चाळीसहून अधिक पाने वाचली. त्यांच्या कामाची ओळ त्यांना सापडली. तीत जो अधिकारी लिहिला होता तो त्या खात्यात आता नव्हता, आणि जी कागदपत्रे लिहिली होती त्यांत खिडकीवर मागितलेल्या दोन कागदांचा उल्लेख नव्हता. तीन हेलपाटे पडले. तिसऱ्या खेपेला परत आल्यावर त्या मला म्हणाल्या, “भाऊ, त्यात लिहिलं होतं म्हणून मी तेवढंच नेलं हो.” या वाक्यात शासनावरचा जो विश्वास आहे तो मला फार मोलाचा वाटतो. लिहिलेले आहे म्हणजे ते खरे आहे, असे मानून चालणारी माणसे अजून आहेत, आणि मथळा फसवा निघाला की पहिला धक्का त्यांनाच बसतो.

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा अधिनियम हा या सगळ्या विषयाचा पाया होय. त्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणास, कोणी न मागता, सतरा बाबी प्रसिद्ध करावयास आणि दरवर्षी त्या अद्ययावत करावयास सांगितले, आणि त्याचा हेतूही कलमातच ग्रथित केला: लोकांना माहितीसाठी अर्ज करण्याची पाळी कमीत कमी यावी. आपल्या कार्यालयांतून ‘एक ते सतरा बाबी’ हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे, की तो एखाद्या रजिस्टराच्या नावासारखा उच्चारला जातो. कायद्याने येथे मथळे आयते दिले आहेत. कार्यालयाला मथळा शोधण्याचे श्रम नाहीत, मजकूर तेवढा खरा लिहावयाचा आहे. तरीही तिसरी बाब वाचून पाहा. निर्णय घेताना अनुसरावयाची कार्यपद्धती, पर्यवेक्षणाची व उत्तरदायित्वाची साखळी, अशी ती बाब आहे. म्हणजे अर्ज बारनिशीत आला की पुढे कोणत्या टेबलावर जातो, कोण शेरा मारतो, कोण मंजुरी देतो, हे तेथे वाचावयास मिळाले पाहिजे. पुष्कळदा तेथे दुसऱ्या बाबीतला अधिकाऱ्यांच्या कर्तव्यांचा तक्ताच पुन्हा उतरवलेला असतो, किंवा ‘प्रचलित अधिनियम व नियमांनुसार’ एवढीच ओळ असते. मथळा भरला, रकाना रिता राहिला नाही, आणि अर्जदाराला आपला कागद कोठे अडकला ते कळण्याचा मार्ग मात्र उघडला नाही.

‘निरंक’ या शब्दाविषयी येथे थोडे बोलले पाहिजे, कारण तो शब्द सच्चाही आहे आणि धोक्याचाही आहे. एखाद्या कार्यालयाकडे अनुदानाची योजनाच नसेल, तर बाराव्या बाबीसमोर ‘निरंक’ लिहिणे हे प्रामाणिक उत्तर आहे, आणि मी ते मथळ्यास जुळणारा मजकूर म्हणूनच मोजीन. पण अकरावी बाब अंदाजपत्रकाची आहे. जे कार्यालय पगार देते, वीजबिल भरते, कागद विकत घेते, त्याच्या अंदाजपत्रकाखाली ‘निरंक’ हा शब्द बसूच शकत नाही. तसेच आठव्या बाबीचे. समित्या आहेत काय, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत काय, कार्यवृत्ते मिळतात काय, असे तीन प्रश्न त्या एका बाबीत आहेत. त्यांतील पहिल्याला उत्तर देऊन उरलेल्या दोहोंवर मौन धरणे म्हणजे मजकूर मथळ्याच्या तृतीयांशालाच जुळला असे म्हणावे लागेल. तपासणी करणाऱ्याने हा अपूर्णांक मांडावयास संकोचू नये.

हे सारे अर्जविनंत्यांचे झाले. याच मथळ्यांवर डोक्यावरचे छप्पर कसे अवलंबून असते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे, आणि ते मी जड अंतःकरणाने मांडतो. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत, महापालिकेच्या नावाची बनावट बांधकाम परवानगीपत्रे करून, त्यांच्या आधारे महारेराची, म्हणजे स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवून, पासष्ट इमारती उभ्या राहिल्याचे उघडकीस आले. आणि मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. तेथे हजारो कुटुंबांनी कर्ज काढून घरे घेतली होती. त्यांनी नोंदणीचा क्रमांक पाहिला होता, प्रमाणपत्र पाहिले होते, बँकेने कर्ज मंजूर केलेले पाहिले होते. बनावट कागद करणे हा गुन्हा ज्याचा त्याचा, आणि तो कोणत्याही संकेतस्थळाच्या माथी मारता येणार नाही. परंतु कागद खरा की खोटा हे पाहण्यासाठी सामान्य खरेदीदाराने जावे कोठे, हा प्रश्न त्या प्रकरणाने आपल्यापुढे ठेवला. प्रारंभ प्रमाणपत्राची खातरजमा ते देणाऱ्या प्राधिकरणाकडूनच करून घेण्याची पद्धत महारेराने २०२३ मध्ये लागू केली, ते योग्यच झाले. माझे म्हणणे त्याच्या एक पाऊल पुढचे आहे. ‘बांधकाम परवानगी’ या मथळ्याखाली केवळ अर्जाचा नमुना आणि विकास नियंत्रण नियमावलीची प्रत ठेवली, तर तो मथळा विकासकाच्या उपयोगाचा झाला. घर घेणाऱ्याच्या दृष्टीने त्या मथळ्याचा अर्थ एकच आहे, की या सर्व्हे क्रमांकावर, या हिस्स्यावर, किती मजल्यांना, कोणत्या तारखेस, कोणत्या जावक क्रमांकाने परवानगी दिली, याची पूर्ण यादी. ती यादी मथळ्याखाली असेल आणि दर आठवड्यास तीत भर पडत असेल, तर हातातला कागद तिच्याशी ताडून पाहणे हे दहावी शिकलेल्या मुलीलाही अर्ध्या तासात जमण्यासारखे आहे. आयुष्याची पुंजी एका इसारपावतीवर ठेवण्याआधी तेवढा अर्धा तास मिळणे हा त्या कुटुंबाचा हक्क आहे.

मथळ्याच्या भाषेचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यात माझे मत सर्वांस पटेलच असे नाही. रघुनाथपंत हणमंते यांनी शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध केला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोश घडवले. या परंपरेचा मला अभिमान आहे आणि तत्सम शब्दांशी माझे वैर नाही. तथापि ठाण्याचा माणूस ‘घरपट्टी’ म्हणतो आणि संकेतस्थळ ‘मालमत्ता कर’ म्हणते; तो ‘जन्मदाखला’ शोधतो आणि त्याला ‘जन्म-मृत्यू नोंदणी व जीवनविषयक सांख्यिकी’ या मथळ्याखालून वाट काढावी लागते. मजकूर बरोबर असूनही मथळा परका असेल तर शोधणाऱ्याच्या लेखी तो मजकूर नाहीच. दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहावेत, कोशातला आणि कट्ट्यावरचा. त्याने कोशाचा मान उणावत नाही. याच्या उलट टोकाचे उदाहरण ‘सातबारा’चे आहे. सात आणि बारा हे गाव नमुन्यांचे नुसते क्रमांक, पहिला अधिकार अभिलेखाचा आणि दुसरा पिकांच्या नोंदवहीचा. त्या आकड्यांत अर्थाचा कण नाही. तरी मुरबाडच्या शेतकऱ्यापासून कल्याणच्या वकिलापर्यंत कोणीही त्या मथळ्याखाली काय असावयाचे ते चुकत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्या मथळ्याखाली तेच आणि तेवढेच येत राहिले. मथळ्याला अर्थ देणारी वस्तू शेवटी मजकुराची निष्ठा होय. शब्द कोणता निवडला हे तिच्यानंतर येते.

कल्याणचा एक दृष्टिहीन विद्यार्थी माझ्याकडे संदर्भासाठी येत असे. त्याच्या संगणकावर पडदावाचक आज्ञावली होती, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी. आपण डोळस माणसे पान वरून खाली चाळतो. तो ‘एच’ हे अक्षर दाबतो आणि आवाज त्याला एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उडी घेत नेतो. मी त्याच्या शेजारी बसून एकदा एका शासकीय पानाचा हा प्रवास ऐकला. पहिली कळ: ‘शीर्षक, स्तर दोन, ताज्या घडामोडी.’ दुसरी कळ: ‘शीर्षक, स्तर दोन, योजना.’ तिसरी कळ दाबली आणि आवाज पानाच्या तळाशी गेला. मला पडद्यावर आणखी चार ठळक मथळे दिसत होते. पण ते नुसते जाड अक्षरात रंगवलेले होते, मथळा म्हणून त्यांची नोंद पानाच्या रचनेत केलेली नव्हती, म्हणून त्याच्या कानाला ते नव्हतेच. ‘योजना’वर परत येऊन त्याने शिष्यवृत्तीचे परिपत्रक उघडले. ते स्कॅन केलेले होते. आवाज ‘चित्र’ म्हणाला आणि थांबला. त्या मुलाने मजकडे वळून विचारले, “सर, यात काय आहे?” आणि मी ते सबंध परिपत्रक त्याला मोठ्याने वाचून दाखवले.

संकेतस्थळांच्या सुगम्यतेची जी जागतिक मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत मथळ्याने आपल्या विषयाचे वा हेतूचे वर्णन केले पाहिजे असा स्वतंत्र निकष आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक सूत्रे २००९ मध्ये निघाली, २०१८ मध्ये सुधारली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ चा आहे. नियमांचा दुष्काळ नाही.

तपासणीचाही आरंभ झाला आहे, आणि त्याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने कार्यालयीन सुधारणांचा शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम हाती घेतला, त्यातले पहिले कलम संकेतस्थळाचे होते. मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडे सोपवण्यात आले आणि महाराष्ट्रदिनी निकाल जाहीर झाला. त्यात जिल्हा परिषदांच्या वर्गात ठाणे पहिले आले आणि महापालिका आयुक्तांच्या वर्गात आपले शेजारी उल्हासनगर. त्याआधी कितीतरी वर्षे, या शतकाच्या आरंभीच, कल्याण-डोंबिवली महापालिकेने नागरी सुविधा केंद्र आणि संगणकीकृत कारभार यांची सांगड घालून दिली होती आणि तिचा कित्ता राज्यातील इतर नगरपालिकांनी गिरवला. तेव्हा या भूमीला हे काम परके नाही. परंतु गुणांकनाने कार्यालयाकार्यालयांत तुलना होते. वाचकाला मात्र त्या रात्री एकाच पानाशी काम असते. त्या पानाची परीक्षा त्या वाचकाच्या प्रश्नानेच व्हावयास हवी.

ती कशी करावी, याचा एक प्रयोग आम्ही काही मंडळींनी ग्रंथालयाच्या मेजावर करून पाहिला. निरनिराळ्या कार्यालयांची पाने छापून घेतली आणि प्रत्येक पानावरचा मथळा कागदाच्या पट्टीने झाकून टाकला. पाच वाचकांना ती पाने एकेक करून दिली; वाचा, आणि या मजकुराला तुम्ही काय मथळा द्याल ते लिहा, एवढेच सांगितले. दुसऱ्या पाच जणांना नुसते मथळे दिले आणि यांखाली तुम्ही कोणती माहिती मिळण्याची अपेक्षा कराल ते आधी लिहावयास सांगितले. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवले. गुरुजींचा तीन पानांचा नियमच तो, उलट बाजूने लावलेला. एका पानाला पाचही वाचकांनी ‘पाणीपट्टी कशी भरावी’ असा मथळा दिला. पट्टी काढली तर खाली ‘पाणी देयक भरणा’ असे होते, आणि त्या कार्यालयातील अज्ञात लेखकाविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न झाला. दुसऱ्या एका पानाला तिघांनी ‘सत्कार समारंभ’, एकाने ‘वर्तमानपत्रातील बातम्या’ आणि एकाने ‘छायाचित्रे’ असे नाव दिले; पट्टी काढल्यावर मथळा निघाला ‘महिला व बालकल्याण योजना’. दुसऱ्या गटातील एका बाईंनी त्याच मथळ्याखालच्या अपेक्षेत लिहिले होते: वयाची अट, उत्पन्नाची अट, अर्ज कोणाकडे, शेवटची तारीख. त्या चार शब्दसमूहांपैकी एकाचेही उत्तर त्या पानावर नव्हते. पानावर शिलाई यंत्रांचे वाटप होते, पुष्पगुच्छ होते, व्यासपीठ होते. ज्या स्त्रीला पुढच्या वर्षी ते यंत्र हवे आहे तिच्यासाठी एक ओळ नव्हती.

सर्व दोष सारख्या तोलाचे मानू नयेत, असेही मला वाटते. ‘छायाचित्र दालन’ शिळे असले तर कोणाचे फारसे बिघडत नाही. ‘आपत्ती व्यवस्थापन’ या मथळ्याचे तसे नाही. २६ जुलै २००५ च्या रात्री कल्याण, उल्हासनगर आणि बदलापूरच्या माणसांनी पाण्याचे काय रूप पाहिले ते या सभागृहात पुष्कळांना आठवत असेल. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली तेव्हा हजारभर प्रवाशांना सोडवून आणावे लागले. अशा रात्री, बॅटरीचे अखेरचे दोन ठिपके उरलेले असताना, जो हा मथळा उघडील त्याला आपत्तीची व्याख्या आणि तिचे प्रकार नकोत. नियंत्रण कक्षाचा आज चालू असलेला क्रमांक, जवळचा निवारा आणि नदीची पातळी हवी. तपासणीत अशा मथळ्याला मी इतरांच्या दसपट वजन देईन.

आणि तारीख. जुन्या कागदावर मोर्तब होते तसे आजच्या पानाच्या तळाशी ‘शेवटचे अद्यतन’ असते. पुष्कळ ठिकाणी ही तारीख सबंध संकेतस्थळाची एकच असते. कोठे एक निविदा चढली की सगळ्या पानांखालची तारीख ताजी होते, आणि आठ वर्षांपूर्वीचा अधिकारी कालच्या तारखेखाली उभा राहतो. प्रत्येक पानाची स्वतःची तारीख, आणि ते पान कोणी तपासले त्याचे पदनाम, हे दोन्ही त्या पानावर असावे. जो मजकूर कोणाच्याही नावे नाही, त्याची विचारपूस कोणी करावयाची?

विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ साली याच शहरात मराठी ग्रंथसंग्रहालय उभारले, आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर १८६४ पासून चालत आले आहे. वाचणाऱ्यांची एवढी जुनी वस्ती असलेल्या या जिल्ह्यात हे काम शासनाच्या आज्ञेची वाट पाहत थांबण्याचे कारण मला दिसत नाही. बाहेर वाचनकक्षाच्या लांब मेजावर चाळीस पाने छापून ठेवली आहेत, प्रत्येकाचा मथळा पट्टीखाली झाकलेला आहे. जाताना प्रत्येकाने एक पान घरी न्यावे आणि घरातल्या ज्या माणसाला कचेरीची कामे करावी लागतात त्याला वाचावयास द्यावे. त्याला सुचेल तो मथळा समासात पेन्सिलीने लिहावा, आणि पट्टी त्यानंतर काढावी. पाने पुढच्या रविवारी सकाळी दहापर्यंत येथेच परत घेतली जातील. कल्याण-डोंबिवलीच्या मंडळींसाठी डोंबिवली स्थानकाच्या पूर्वेस एक कार्यकर्ता साडेनऊला उभा असेल.